मेजर गिल यांची पत्नी

दरवर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत जी कामे चालतात ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. आदल्या दिवशी गवत काढले जाते, क्रुसांना चुना लागतो, आणि संध्याकाळी मेणबत्त्या लागल्या की ज्या कबरीपाशी कोणीच उभे नसते ती लगेच ओळखू येते. खानदेशातील धर्मग्रामांत सेवा करताना आम्ही अशा कबरींपाशी थोडा वेळ थांबण्याचा परिपाठ ठेवला. अशा थांबण्यातून आम्हांस इतिहासाची जी गोडी लागली ती सेमिनरीतल्या जाडजूड ग्रंथांनीही लावली नव्हती.

भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत एक कबर आहे. तिच्यापाशी मात्र माणसे येतात, मुद्दाम पत्ता विचारीत येतात. मेजर रॉबर्ट गिल यांची ही कबर. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्यात ज्याने उमेदीची वर्षे घालविली, तो हा मद्रास सैन्यातील अधिकारी १८७९ साली मरण पावला व येथे मातीआड झाला. येणारा पाहुणा कबरीकडे पाहतो आणि हमखास विचारतो, "पारोचा साहेब तो हाच ना?" होय, तो हाच. पारो ही अजिंठ्याची कन्या. तिची कबर अजिंठा गावात आहे, तिच्या मृत्यूची तारीख २३ मे १८५६ ही आहे, आणि तो दगड गिल यांनीच बसविला. कविवर्य ना. धों. महानोर यांनी तिच्यावर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले; त्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ साली चित्रपट काढला. पारो आता अवघ्या महाराष्ट्राची झाली आहे, आणि ते योग्यच झाले. एका आदिवासी कन्येचे नाव दगडावर कोरले जावे, असे त्या काळी किती वेळा घडले असेल?

पण आजवर एकाही पाहुण्याने आम्हांस, "मेजरसाहेबांची लग्नाची बायको कोण होती?" असे विचारलेले नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

तिचे नाव फ्रान्सेस फ्लॉवरड्यू रिकर्बी. १८४१ साली मद्रासमध्ये तिचा विवाह रॉबर्ट गिल यांच्याशी झाला. वर तेव्हा सदतिशीच्या घरात होता. जन्म १८०४चा, म्हणजे कंपनी सरकारच्या ४४व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीत वर्षानुवर्षे नोकरी केलेला मुरलेला शिपाईगडी. त्या काळच्या सैन्यात अधिकाऱ्याने उशिरा लग्न करणे ही रीतच होती. धाकट्या अधिकाऱ्याचा पगार संसाराला पुरत नसे, आणि वरिष्ठांनाही बायकामुलांचे लटांबर पलटणीच्या मागे नको असे. दुसरा मुलगा विल्यम जॉन १८४३ साली बंगलोर येथे जन्मला. मद्रास, बंगलोर, लष्करी वसाहत, रविवारची उपासना, शेजारी दुसऱ्या अधिकाऱ्याचे बिऱ्हाड. येथवर फ्रान्सेसचा संसार शेकडो जणींसारखाच होता.

साध्या गोऱ्या शिपायाच्या बायकोच्या तुलनेत तर तो सुखाचाच म्हणावा लागेल. पलटण विलायतेहून निघाली की शंभर शिपायांमागे मोजक्याच बायकांना जहाजावर जागा मिळे. कोणी जायचे आणि कोणी राहायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरत असे. बंदरावर जिला 'राहायचे' अशी चिठ्ठी निघे तिचा संसार बहुधा तेथेच संपत असे. जी येई तिला बराकीच्या एका कोपऱ्यात चादरीचा आडपडदा लावून प्रपंच करावा लागे. पटकीने किंवा तापाने नवरा गेला की तिच्यापुढे दोनच वाटा उरत. थोड्या महिन्यांत त्याच पलटणीतील दुसऱ्या शिपायाशी लग्न करावयाचे, नाहीतर पटावरून नाव कमी झालेले पाहावयाचे. यांतल्या पुष्कळशा बायका आयर्लंडमधून आलेल्या, आपल्याच ख्रिस्तसभेच्या लेकी होत्या. मुंबईहून कापुचिन आणि पुढे येशूसंघीय धर्मगुरू छावण्याछावण्यांतून फिरत, त्यांची लग्ने लावीत, मुलांना बाप्तिस्मा देत आणि पुष्कळदा त्याच महिन्यात ती मुले पुरीत. लष्करी छावण्यांची जुनी रजिस्टरे ज्यांनी चाळली आहेत त्यांना स्नानसंस्काराच्या आणि दफनाच्या पानांवर तीच नावे भेटण्याचा अनुभव नवा नाही.

फ्रान्सेसच्या वाट्याला ही बराक आली नाही. तिच्या संसारात आले ते अजिंठा.

जॉन स्मिथ नावाच्या मद्रास घोडदळातील अधिकाऱ्याने १८१९ साली शिकारीच्या नादात ही लेणी पाहिली, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पुढे जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ साली रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचून या चित्रांच्या नाशाकडे कंपनीच्या संचालकांचे लक्ष वेधले. १८४४ साली हुकूम निघाला, की चित्रांच्या नकला करण्यासाठी चित्रकला जाणणारा अधिकारी पाठवावा. गिल यांची निवड झाली. बायकोला विचारून बदलीचे हुकूम काढण्याची पद्धत तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होते. मद्रासकडून येणाऱ्याला हैदराबाद, जालना, औरंगाबाद असा लष्करी मुक्कामांचा रस्ता धरावा लागे. आगगाडी नव्हतीच, मुंबई-ठाणे रेल्वेसुद्धा १८५३ सालची. पालखी, घोडा, बैलगाडी, मागे तंबू लादलेले उंट, असा तो प्रवास. जालन्याला मद्रासच्या फौजेची छावणी होती. तेथवर आपल्या भाषेत बोलणारी चार बायामाणसे भेटत असत. त्यापुढे मात्र भेटीगाठी संपल्या. अजिंठा हे तटबंदीचे, वेशी असलेले गाव. असईच्या लढाईनंतर, १८०३ साली, वेलस्लीच्या फौजेतील जखमींचे इस्पितळ येथेच हलविले होते. गावाच्या बारादरीत गिल यांचा मुक्काम असे आणि तेथून लेणी चार कोसांवर, घाट उतरून. घाटाच्या पायथ्याशी फर्दापूर, आणि फर्दापूर ओलांडले की आमचे खानदेश सुरू होते.

अशा मुक्कामी घर मांडावयाचे म्हणजे काय, याची कल्पना आज कोणाला करावयाची असेल तर त्याने चैत्र-वैशाखात जळगावला एक आठवडा काढावा. दाराला वाळ्याचे ताटे बांधून त्यांवर पाणी मारीत राहावयाचे, सकाळी आठनंतर घराबाहेर पडावयाचे नाही, अंधार पडल्यावर अंगणात खाट टाकावयाची. पावसाळा आला की हिवताप. डॉक्टर औरंगाबादेस किंवा जालन्यास, म्हणजे घोड्यावरून दीडदोन दिवसांच्या मजलेवर. विलायतेच्या पत्राचे उत्तर यावयास महिने लागत. आया, भिस्ती, खानसामा, मशालजी, मोतद्दार असा नोकरांचा गोतावळा भोवती असे, पण मनातले बोलावे असे माणूस नसे.

वाचकांपैकी कोणी म्हणतील, या साहेबांच्या बायकांचे सहलींचे दिवस किती मजेचे असत! ते खोटे नाही. हिवाळा लागला की तंबू निघत. कच्छमध्ये भूज येथे काही वर्षे राहिलेली मॅरियान पोस्टन्स ही कॅप्टन थॉमस पोस्टन्स यांची पत्नी याचा उत्तम दाखला आहे. देवळे, बाजार, विहिरी, भाटांच्या गोष्टी, सणवार यांची तिने टिपणे केली, चित्रे काढली, आणि १८३९ साली कच्छवर आणि पश्चिम हिंदुस्थानावर अशी दोन पुस्तके प्रसिद्ध केली. नवरा तापाच्या मुलखात आणि आपण घरात एकटी, हे दिवस तिने लेखणीने भरून काढले. कॅप्टन वारल्यावर तिने दुसरा विवाह केला आणि पुढे क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी तुर्कस्तानातील छावणीवरही लिहिले. वऱ्हाडात एलिचपूरच्या छावणीत राहिलेल्या हेलन मॅकेंझी या लष्करी पत्नीचेही तीन खंडांचे पुस्तक १८५३ साली निघाले. या दोघींच्या लिखाणात एतद्देशीयांविषयी पूर्वग्रह पुष्कळ आहेत, मॅकेंझीबाईंच्या पुस्तकात तर प्रॉटेस्टंट कडवेपणाही आहे आणि आमच्या धर्मगुरूंची त्यात गय केलेली नाही. तरीही त्यांनी लिहिले म्हणून त्या आपणांस भेटतात. फ्रान्सेसने लिहिले नाही. तिचा नवरा चित्रकार होता, पुढे १८५६च्या सुमारास तो छायाचित्रेही काढू लागला, ती छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाली. लेण्यांचे खांब आणि मंडप त्या ग्रंथात उतरले, घरातले काही नाही.

लेणी पाहावयास जाणे ही त्या भागातील एकमेव सहल. वाघूर नदीचे वळण, सात कुंडांचा धबधबा, कड्यावरची आग्यामोहोळे, गुहांतून वटवाघळांचा कुबट दर्प. वाघही खरोखरच होते. सोळाव्या लेण्यात एक चित्र आहे. आपला पती नंद भिक्षू झाला हे ऐकून त्याची पत्नी सुंदरी कोसळली आहे आणि दासी तिला सावरीत आहेत. पुढे सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक आहे. राज्यातून घालविलेल्या पतीबरोबर माद्री दोन लेकरे घेऊन रानात निघाली आहे. पतीबरोबर दूरदेशी जाणारी आणि पतीने मागे टाकलेली, अशा दोघीही स्त्रिया त्या शेजारशेजारच्या भिंतींवर दीड हजार वर्षे आहेत. गिल यांच्यासारख्या माणसाने दिवसचे दिवस दिव्याच्या उजेडात अशा भिंतींपुढे काढावेत आणि संध्याकाळी घरी परतावे, यातली विसंगती आमच्या मनातून जात नाही. त्यावर निवाडा देण्याचा मात्र आम्हांस अधिकार नाही.

लष्करी संसाराला खरी चीर पडते ती मुले सहासात वर्षांची झाली म्हणजे. गोऱ्या अधिकाऱ्यांत मुले त्या वयाला विलायतेस पाठविण्याची रीत पक्की होती. हवा मानवत नसे, शाळा नसत, आणि अठरापगड चाकरांच्या संगतीत मूल 'देशी' होईल ही भीतीही असे. आईपुढे मग प्रश्न उभा राही, मुलांबरोबर जावे की नवऱ्याजवळ राहावे? कोणतेही उत्तर दिले तरी अर्धे घर तुटे. विल्यम गिल याचे शिक्षण इंग्लंडमध्ये ब्रायटन कॉलेजात झाले आणि १८६४ साली तो रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाला. बाप मात्र अजिंठ्यातच होता, १८६३ पर्यंत नकलांच्या कामात आणि त्यानंतरही. पारो १८५६ साली गेली. या दोन ओळींच्या मध्ये फ्रान्सेसचा संसार कोठेतरी विरून गेलेला आहे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण खानदेशातील सैनिकाची बायको म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे केवळ गोरी बाई येत नाही. गिल अजिंठ्यास येण्याच्या वीस वर्षे आधी, १८२५ साली, जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगाव येथे खानदेश भिल्ल कोअर उभी केली. सुरुवातीस केवळ नऊ भिल्ल त्याच्याबरोबर आले असे सांगतात. गोऱ्यांच्या शब्दावर विसंबण्याचे त्यांना कारणही नव्हते. औट्रम तेव्हा अविवाहित होता. पगारातून स्कॉटलंडमधल्या विधवा आईला पैसे पाठवावेत आणि सुट्टीत वाघ मारावेत, असे त्याचे दिवस. मार्गारेट अँडरसन या आपल्या आतेमामे नात्यातील मुलीशी त्याने विवाह केला तो १८३५ साली, खानदेश सोडताना. भिल्ल शिपायांची गोष्ट निराळी. त्यांची बिऱ्हाडे त्यांच्याबरोबरच असत. बायकामुले जवळ असली, थोडी जमीन कसावयास असली, की माणूस डोंगरात परत पळणार नाही, हा सरकारचा हिशेब होता. म्हणजे गोऱ्या शिपायाची बायको सरकारला ओझे वाटे, आणि भिल्ल शिपायाची बायको हा त्याच सरकारला जामीन वाटे.

तो जामीन किती कडक असू शकतो हे १८५८ साली दिसले. खाज्या नाईक, ज्याच्याकडे एकेकाळी सेंधव्याच्या घाटाची राखण होती, आणि भीमा नाईक यांनी सातपुड्यात उठाव केला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे लढाई झाली. पुरुष पडले वा डोंगरात पांगले, आणि शेकडो भिल्ल स्त्रिया कैद झाल्या. घरापासून दूर नेलेल्या लढवय्यांच्या बायका म्हणून त्यांची गणना कोणत्याही लष्करी इतिहासात होत नाही. त्यांच्यावर काव्य नाही, चित्रपट नाही, कबरही नाही. फ्रान्सेसविषयी हळहळताना आम्ही यांना विसरलो तर आमची हळहळ खोटी ठरेल.

आता पुन्हा गिल यांच्याकडे वळू. त्यांनी तैलरंगात केलेल्या भल्यामोठ्या नकला लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६च्या आगीत जळाल्या. चारपाच तेवढ्या वाचल्या. पत्नी, मुले, प्रकृती यांचे मोल देऊन जे मिळविले ते एका रात्रीत गेले. साठी ओलांडलेल्या त्या माणसाने पुन्हा कामाला हात घातला, हे त्याचे मोठेपण आहेच. मुलगा विल्यम मात्र बापासारखा एका जागी रुतला नाही. १८७१ साली आईकडच्या एका दूरच्या नातलगाची मोठी मालमत्ता त्याला मिळाली आणि त्या पैशावर त्याने इराण, चीन, ब्रह्मदेश असे प्रवास केले. चीनच्या प्रवासावरचा त्याचा ग्रंथ १८८० साली निघाला. १८८२ च्या ऑगस्टमध्ये, इजिप्तच्या युद्धाच्या धामधुमीत, प्राध्यापक पामर आणि लेफ्टनंट चॅरिंग्टन यांच्यासह सिनाईच्या वाळवंटात तो मारला गेला. तिघांचे अवशेष पुढे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या तळघरात ठेवण्यात आले.

म्हणजे बाप भुसावळला, मुलगा सेंट पॉल्समध्ये, पारो अजिंठ्याच्या वेशीत. तिघांच्याही जागा माणसे दाखवितात. फ्रान्सेस तेवढी सर्वत्र 'मेजर गिल यांची पत्नी' आणि 'विल्यम गिल यांची आई' म्हणून एका ओळीत येते आणि जाते.

पवित्र शास्त्रात सैनिकाची एक बायको आहे. तिचा पती उरीया सीमेवर वेढ्यात होता आणि ती यरुशलेमात एकटी होती. पुढे काय झाले ते आपण जाणता. दावीद राजाने केलेला तो अपराध शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात काही न झाकता लिहिलेला आहे. सेमिनरीत असताना संत मत्तयकृत शुभवर्तमानातील वंशावळ आम्हांस पाठ करावी लागे. तामार, राहाब, रूथ या स्त्रियांची नावे तीत येतात. बथशेबेचे नाव मात्र येत नाही. शलमोनाची आई म्हणून ती येते ती 'उरीयाची बायको' या शब्दांनीच. आमच्या प्राध्यापकांनी याची अनेक कारणे सांगितली होती. त्यांतले एक आम्हांस तेव्हा फारसे पटले नव्हते, आता पटते. शुभवर्तमानकाराने तिचे नाव गाळले खरे, पण तिच्या मेलेल्या नवऱ्याचे नाव वंशावळीत आणून बसविले, म्हणजे राजाने जे पुसले ते त्याने पुन्हा लिहिले. गिल यांच्या बाबतीत उलट घडले आहे. येथे नवऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, आणि पुसले गेले आहे ते बायकोचे.

पारो आणि फ्रान्सेस यांना एकमेकींच्या विरुद्ध उभे करण्याचा आमचा हेतू नाही. काही रसिक तसे करतात. पारो निष्पाप निसर्गकन्या आणि मडमेला कलेची कदर नाही, असा सोयीचा देखावा त्यांना हवा असतो. विवाहाच्या साक्रामेंताविषयी चारदोन खडे बोल सुनवून मेजरला पाप्यांत बसविणेही तितकेच सोयीचे आहे, आणि असे प्रवचन एकेकाळी आम्ही स्वतः भुसावळच्या एका घरी जेवताना झोडले होते. घरची गृहिणी सैनिकाची पत्नी होती, केरळची, नवरा बर्फात कोठेतरी चौकीवर. ती वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "फादर, तिची पत्रे यायची का हो इथे?" आम्हांस उत्तर देता आले नाही. तिला त्या दोघांच्या पापपुण्यात रस नव्हता. टपाल किती दिवसांनी येई हे तिला जाणून घ्यावयाचे होते.

भुसावळ आणि वरणगाव येथे स्वातंत्र्यानंतर दारूगोळ्याचे कारखाने आले, एक १९४९ साली, दुसरा १९६४ साली. रेल्वे तर त्याच्या कितीतरी आधीची. त्यामुळे आमच्या वेदीपुढे मल्याळी, तमिळ, गोवेकर, छोटा नागपूरकडील अशी दूरदेशीची कुटुंबे कायमच राहिली. दुसऱ्या बाजूने, धुळे-जळगावच्या खेड्यांतील पोरे सैन्यात जातात आणि त्यांच्या बायका सासूसासऱ्यांजवळ अमळनेर, पारोळा, शिरपूर या भागांत राहतात. कोणाच्या बायकोला नवऱ्याबरोबर क्वार्टर मिळते, कोणाला नाही. मिळाली तरी दोनतीन वर्षांनी पेट्या पुन्हा बांधावयाच्या. त्या बायका सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन अजिंठ्याला जातात, सतराव्या लेण्यापुढे रांगेत उभ्या राहतात, आणि परतताना फर्दापूरला चहा घेतात. त्यांतल्या काही जणींनी आम्हांस लेण्यांचे फोटो आणून दाखविले आहेत.

गेल्या २ नोव्हेंबरला मिस्साच्या हेतूंची यादी करताना आम्ही फ्रान्सेस फ्लॉवरड्यू गिल आणि पारो अशी दोन नावे एकाखाली एक सांगितली. गिलबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या आणि पारोच्या धर्माची चौकशी करण्याचे आम्हांस प्रयोजन वाटले नाही. वहीत लिहिणाऱ्या मुलाने पारोचे नाव झटकन लिहिले. दुसरे नाव त्याने दोनदा खोडले आणि विचारले, "फादर, फ्लॉवरड्यू कसं लिहायचं?" आम्ही अक्षरे एकेक करून सांगितली.